टीम आमची, तर हिशेबही आम्हाला द्या

२०१९ च्या पावसाळ्यात पुण्यातले फुटबॉलवेडे कशावरून भांडत होते ते मला चांगलं आठवतं. कोच फिल ब्राउनला अख्खा हंगाम मिळाला तर संघ पहिल्या चारांत येईल का? मार्सेलिन्यो टिकणार की निघणार? आशिक कुरुनियन बंगळुरूला गेला, आता डावीकडून पळणार कोण? मागे एक दांडगा परदेशी स्टॉपर आणला नाही तर पुन्हा गेल्या वर्षीचीच रड, एवढ्यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. बालेवाडीच्या स्टेडियममध्ये प्रेक्षक आणि मैदान यांच्यामध्ये ॲथलेटिक्सचा ट्रॅक आहे. तो ट्रॅक ओलांडून आपला आवाज लेफ्ट विंगरच्या कानापर्यंत जातोच, अशा श्रद्धेनं घसा कोरडा करणारी ही मंडळी. स्वतःला ‘ऑरेंज आर्मी’ म्हणवायची.

ऑगस्ट संपता संपता कळलं, की एफसी पुणे सिटी नावाचा क्लबच उरलेला नाही. मालक पैशाच्या अडचणीत होते आणि इंडियन सुपर लीगमधली (आयएसएल) पुण्याची जागा हैदराबादच्या नव्या क्लबने घेतली. ब्राउन हैदराबादला गेला. मार्सेलिन्यो, आदिल खान, निखिल पुजारी हेही तिकडेच गेले. पुण्यात राहिले ते चाहते. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

पुढची गोष्ट अधिक मासलेवाईक आहे. हैदराबादने २०२२ मध्ये मानोलो मार्केझच्या हाताखाली थेट विजेतेपद मारलं. मग तिथलेही पैसे आटले, पगार थकले, मालक बदलले, आणि २०२५ मध्ये तो क्लब उचलून दिल्लीला नेला गेला, नवं नाव लावून. दिल्लीकरांनी आनंद मानावा तर त्यांचा आधीचा क्लब, दिल्ली डायनॅमोज, २०१९ मध्येच भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला होता. घरमालकाने जागा सोडायला सांगितली की बिऱ्हाड हलवतात, तसे आपल्याकडे क्लब हलतात. फरक इतकाच, की बिऱ्हाड हलवताना निदान घरातल्या माणसांना सोबत नेतात.

फुटबॉलच्या चाहत्यांच्या गप्पांकडे आपण वेळ घालवण्याचा उद्योग म्हणून बघतो. कोण खेळला, कोण झोपला, मॅनेजरला अक्कल आहे का, पुढची मॅच कुठे आणि कशी काढायची. घरचे वैतागतात, ऑफिसातले हसतात. पण हीच चर्चा क्लबला जिवंत ठेवते. अकरा खेळाडू दर दोन वर्षांनी बदलतात, कोच त्याहून लवकर बदलतो, मालक तर मनात येईल तेव्हा. वीस वर्षांपूर्वीची सेमीफायनल आणि येत्या रविवारची मॅच यांना जोडणारी माणसं फक्त स्टँडमध्ये बसलेली असतात. असं असताना क्लबच्या जगण्यामरण्याच्या निर्णयात त्यांचा आवाज शून्य असावा, हे मला मान्य नाही. भारतातल्या व्यावसायिक क्लबांत चाहत्यांना कायद्याने बांधलेला वाटा मिळायला हवा. संघ निवडण्यात नाही. हिशेब बघण्यात, आणि नाव, रंग, गाव बदलण्यावर नकार देण्यात.

महाराष्ट्राने या बाबतीत बरंच सोसलंय, फक्त आपण ते मोजलेलं नाही. १९६२ पासून चालत आलेला मुंबईतला महिंद्राचा संघ, पुढे महिंद्रा युनायटेड. ड्युरँड जिंकला, फेडरेशन कप जिंकला, आणि २००५-०६ मध्ये डेरिक परेराच्या मार्गदर्शनाखाली नॅशनल फुटबॉल लीगही जिंकली. २००९-१० च्या हंगामानंतर कंपनीने संघ बंद केला. संघ हरत होता म्हणून नव्हे. कंपनीचं धोरण बदललं. पुणे एफसी २००७ मध्ये उभा राहिला, २०१२-१३ मध्ये आय-लीग या तेव्हाच्या मुख्य राष्ट्रीय लीगमध्ये दुसरा आला, त्याची अकादमी देशातल्या चांगल्या अकादम्यांत गणली जायची. २०१५ नंतर तो नाही. पुण्यातच भारत एफसी आला, एक आय-लीग खेळला आणि दिसेनासा झाला. मुंबई एफसी २०१७ मध्ये आय-लीगमधून खाली घसरला आणि मालकांनी शटर ओढलं. म्हणजे एफसी पुणे सिटी धरून एका दशकाच्या आत या दोन शहरांनी पाच क्लब गमावले. गोव्याची कथा थोडी वेगळी. तिथे पाच वेळा राष्ट्रीय लीग जिंकलेल्या डेम्पोने, साळगावकरने आणि स्पोर्टिंग क्लब दी गोवाने २०१६ मध्ये आय-लीगमधून अंग काढून घेतलं, तेही अखिल भारतीय फुटबॉल फेडरेशनच्या नव्या रचनेवर चिडून. कारणं वेगवेगळी, पण दर वेळी निर्णय झाला तो एका खोलीत, पाचसहा माणसांत. आणि शहराला तो दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कळला.

इथे ठरलेला युक्तिवाद येतो. पैसे ज्याचे, निर्णय त्याचा. तुम्ही दोनशे रुपयांचं तिकीट काढलंत, तुम्हाला नव्वद मिनिटं मिळाली, व्यवहार संपला. कोट्यवधींचा तोटा सोसणाऱ्या मालकाला स्टँडमधल्या पोरांनी का शिकवावं?

या युक्तिवादात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. सुपर लीगमधल्या बहुतेक मालकांनी खरोखर पैसे घालवले आहेत, कमावलेले नाहीत. पण चाहता गिऱ्हाईक असतो हे गृहीतकच चुकीचं आहे. साबण आवडला नाही तर आपण दुसरा घेतो. आपला संघ सलग सात मॅच हरला म्हणून कुणी बंगळुरूचा चाहता होत नाही. दुसरीकडे जाता येत नसलेल्या माणसाला तुम्ही गिऱ्हाईक म्हणू शकत नाही, आणि मालकाला हे बरोबर ठाऊक असतं. किंबहुना तो विकत घेतो ते हेच. मैदान बहुधा सरकारचं किंवा पालिकेचं असतं, खेळाडू करारावरचे असतात. पैसे मोजायचे कशाला? तर या गावातली काही हजार माणसं काहीही झालं तरी हटणार नाहीत, या खात्रीला. मग त्या खात्रीची किंमत ताळेबंदात नको, निदान घटनेत तरी कुठेतरी दिसू दे.

विम्बल्डनचं उदाहरण इथे सांगितलंच पाहिजे, कारण त्याहून स्वच्छ प्रयोग फुटबॉलच्या इतिहासात झालेला नाही. दक्षिण लंडनचा हा छोटा क्लब, १९८८ मध्ये लिव्हरपूलला हरवून एफए कप जिंकलेला. २००२ मध्ये मालकांना तो सुमारे ९० किलोमीटर दूर मिल्टन कीन्स नावाच्या नव्या शहरात न्यायचा होता आणि फुटबॉल असोसिएशनने नेमलेल्या आयोगाने परवानगी दिली. म्हणजे करार, खेळाडू, लीगमधली जागा, सगळं मालकाकडे राहिलं. चाहत्यांकडे काय उरलं? त्यांनी काही आठवड्यांत एएफसी विम्बल्डन नावाने नवा क्लब काढला, विम्बल्डन कॉमनच्या मोकळ्या माळावर ज्याला यायचं त्याची निवड चाचणी घेतली आणि नवव्या पायरीवरच्या लीगमधून सुरुवात केली. २०११ मध्ये तो क्लब इंग्लंडच्या चार व्यावसायिक विभागांत पोहोचला. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या जुन्या भागात, प्लाउ लेनवर, नवं मैदान बांधून परतला. क्लबचा ताबा चाहत्यांच्या ट्रस्टकडे आहे. मालकाने सगळं नेलं तरी क्लब मागे राहू शकतो, हे त्यांनी करून दाखवलं.

आता चाहत्यांच्या शहाणपणाबद्दल. इथे माझ्याच बाजूच्या काही मित्रांशी माझं पटत नाही. त्यांचं म्हणणं, की चाहत्यांना सगळंच कळतं. नाही कळत. १९८९ च्या डिसेंबरमध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडचा मॅनेजर ॲलेक्स फर्ग्युसनला निरोप देणारा फलक झळकला होता: तीन वर्षं सबबी ऐकल्या, पुरे झालं, अशा आशयाचा. त्या दिवशी स्टँडमध्ये मत घेतलं असतं तर फर्ग्युसन नाताळाआधी घरी गेला असता. त्याने त्याच हंगामात एफए कप जिंकला आणि २०१३ पर्यंत तेरा वेळा लीग. अलीकडचं उदाहरण हवं तर २०२० च्या नाताळात आर्सेनल पंधराव्या क्रमांकावर होता आणि मॅनेजर मिकेल आर्टेटाला हाकला म्हणणाऱ्यांचा आवाज टिपेला पोहोचला होता. मालकांनी कान बंद ठेवले. पुढे आर्सेनल सलग तीन हंगाम दुसरा आला. ज्यांना त्याला हाकलायचं होतं तेच आज हाय प्रेसवर प्रवचनं देतात. चाहत्यांचा हा स्वभावच आहे आणि तो तसाच असावा. शनिवारी हरल्यावर रविवारी शांत डोक्याने विचार करणारा चाहता मला तरी संशयास्पद वाटतो.

मॅनेजर कोण, लेफ्ट बॅक कोण, चार-तीन-तीन की तीन-पाच-दोन, हे ठरवायला चाहत्यांचं मत घेऊ नये. शिव्या द्याव्यात, गाणी म्हणावीत, फलक लावावेत, तेवढं पुरे. पण चाहते कोचवर चिडलेत असं वरवर दिसतं तेव्हा त्यांचा राग खरा कुणावर असतो, तेही बघायला हवं. २०२४ च्या डिसेंबरमध्ये केरळ ब्लास्टर्सने कोच मिकाएल स्टारेला काढलं. नेहमीच्या हिशेबाप्रमाणे एक बळी दिला की प्रेक्षक शांत व्हायला हवे होते. ‘मंजप्पडा’ या त्यांच्या चाहत्यांच्या संघटनेचा मोर्चा मात्र व्यवस्थापनाविरुद्धच होता. तिकिटं घेणार नाही, विकणारही नाही, असं जाहीर केलं. त्यांचा मुद्दा साधा होता: दर वर्षी कोच बदलतो, खेळाडू विकले जातात, पण खरेदी-विक्री ठरवणारे मात्र तेच राहतात. गप्पांत वर्षानुवर्षं मुरलेल्या माणसांनाच हे दिसतं. एखाद्या बाहेरच्या सल्लागाराने हेच निदान मोठी फी घेऊन केलं असतं.

जर्मनीत ही गोष्ट नियमात आणली आहे. व्यावसायिक क्लबच्या कंपनीत मतांचा निम्म्याहून एक जास्त वाटा सभासदांच्या मूळ क्लबकडे राहिला पाहिजे; गुंतवणूकदार पैसे घालू शकतो, ताबा घेऊ शकत नाही. बायरचा लेव्हरकुसेन आणि फोक्सवॅगनचा वोल्फ्सबुर्ग हे जुने अपवाद. लाइपझिगने मतदानाचा हक्क असलेले सभासद मोजकेच ठेवून पळवाट काढली, म्हणून तिथल्या इतर स्टँडांत त्या क्लबाचं नाव काढलं की शिट्ट्या वाजतात. या नियमाची ताकद २०२३-२४ मध्ये दिसली. लीगच्या माध्यम-हक्कांतल्या उत्पन्नाचा आठ टक्के वाटा वीस वर्षांसाठी एका गुंतवणूक कंपनीला विकायचा प्रस्ताव डिसेंबरमध्ये ३६ पैकी २४ मतांनी, म्हणजे दोन तृतीयांशाची अट जेमतेम गाठून, मंजूर झाला होता. चाहत्यांनी काय करावं? सामना रंगात आला की मैदानावर टेनिसचे चेंडू टाकायचे. शेकडो चेंडू. मग चॉकलेटची नाणी, रिमोटवर चालणाऱ्या खेळण्यातल्या गाड्या. खेळ थांबायचा, खेळाडू वाकून चेंडू गोळा करायचे, टीव्हीवाले हैराण. २०२४ च्या फेब्रुवारीत लीगने प्रस्ताव गुंडाळला. कुणाचं डोकं फुटलं नाही.

जर्मनीचं कौतुक करताना एक अडचण मान्य करायला हवी. त्याच नियमाच्या छत्राखाली बायर्नने २०१३ ते २०२३ सलग अकरा वेळा लीग जिंकली, आणि ही मालिका मोडली ती कुणी? अपवाद असलेल्या लेव्हरकुसेनने. सभासदांची मालकी म्हणजे चुरशीची हमी नव्हे. बार्सिलोनात तर सभासद अध्यक्षच निवडून देतात आणि निवडणूक म्हटली की आश्वासनं आली. त्या आश्वासनांच्या पगारांनी क्लब इतका कर्जात गेला की २०२१ च्या ऑगस्टमध्ये मेस्सीला ठेवता आलं नाही. तरीही एक लक्षात घ्या. बार्सिलोना बार्सिलोनातच आहे. त्याचा रंग तोच आहे. सभासद चुकले तर पुढच्या निवडणुकीत दुसऱ्याला निवडतील. पुण्याच्या चाहत्याला चुकायचीही संधी मिळाली नाही.

खरं तर महाराष्ट्राला हे जर्मनीकडून शिकायची गरज पडू नये. भागभांडवल कितीही असो, सभासदाला मत एकच, हे तत्त्व आपल्याकडच्या सहकारात कित्येक दशकं मुरलेलं आहे. साखर कारखान्याची वार्षिक सभा ज्याने पाहिली आहे त्याला चाहत्यांच्या मालकीबद्दल भाबडेपणा उरत नाही: पॅनेलं पडतात, माइक ओढले जातात, अहवाल दोन मिनिटांत ‘मंजूर, मंजूर’ होतो, आणि एकाच घराण्यात तीन पिढ्या अध्यक्षपद राहतं. तरीसुद्धा अहवाल छापावा लागतो. उसाला दर किती दिला हे सांगावं लागतं. एखादा खमका सभासद उठून पान नंबर सांगून प्रश्न विचारतो आणि व्यासपीठाला घाम फुटतो. व्यावसायिक फुटबॉल क्लबात एवढंही नाही.

आणि ही पद्धत खेळात, आपल्याच राज्यात, अर्धीमुर्धी का होईना, चालू आहे. कोल्हापुरात.

पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस, फुलेवाडी, जुना बुधवार, संध्यामठ. ही नावं कोल्हापुरी माणसाला प्रार्थनेसारखी पाठ असतात, आणि यातलं कुठलं नाव आधी घेतलं यावरून तुमची पेठ ओळखली जाते. तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा. तिथंच गणपती, तिथंच शिवजयंती, तिथंच फुटबॉल. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या वरिष्ठ गटात सोळा संघ, हिवाळ्यात लीग, मग उन्हाळा लागेपर्यंत एकामागून एक चषक. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर मोठ्या सामन्याला तिकीट मिळत नाही, अशी वेळ येते. आयएसएलच्या मालकांनी हे दृश्य एकदा येऊन बघावं.

हंगामाआधी खेळाडू नोंदणीचे दिवस आले की पेठेत दुसरा विषय नसतो. आपला डिफेन्स मागच्या वर्षी कुणी सांभाळला, तो समोरच्या तालमीत का चाललाय, त्याला तिकडं काय दिलं, आपल्याकडं कुणी बोललं का त्याच्याशी. “लेफ्ट बॅक सारखा वर पळतंय, मागं रान मोकळं. गोल खाणार न्हाई तर काय करणार?” हे वाक्य कट्ट्यावर पडलं, की ऐकणाऱ्यांत त्या लेफ्ट बॅकचा चुलता असतो, संघ बघणारा माजी खेळाडू शेजारच्या गल्लीतला असतो आणि तालमीचा अध्यक्ष संध्याकाळी तिथूनच जातो. उत्तर द्यावंच लागतं त्यांना. “दादा, त्याच्या गुडघ्याला लागलंय, दुसरं कोण हाय आपल्याकडं?” मग दुसरं कोण यावर तासभर. लंडनच्या क्लबांनी अलीकडे चाहत्यांशी संवाद साधायला जी सल्लागार मंडळं नेमली आहेत, त्यांच्या बैठकांत याहून वेगळं काही होत असेल असं वाटत नाही. याच शहरातून अनिकेत जाधव निघाला, रिक्षाचालकाचा मुलगा, २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. पुण्यातले क्लब आले आणि गेले, मुंबईतले गेले. कोल्हापूरच्या जुन्या तालमी उभ्या आहेत. त्यांना कुणी दुसऱ्या गावी हलवू शकत नाही. पाटाकडील तालीम सोलापूरला न्यायची म्हटलं तर ती वाक्यरचनाच चुकते.

पण कोल्हापूरवर आंधळं प्रेम करण्यात अर्थ नाही. समर्थकांची हुल्लडबाजी, मैदानावर बाटल्या, दगडफेक, थांबलेले सामने, पोलिसांचा बंदोबस्त, हे सगळं तिथं घडलंय आणि घडतंय. स्थानिक संघटनेने कारवाया केल्या, त्यांचा परिणाम एक-दोन हंगाम टिकतो. मला यामागे एक कारण दिसतं, जे सहसा कुणी बोलत नाही. पेठेची मालकी भावनेची आहे, कागदावरची नाही. बाहेरून आणलेल्या खेळाडूंना, त्यांत आफ्रिकेतून आलेलेही असतात, किती दिले? पैसे कुणी दिले? चषकाला नाव देणाऱ्या पुढाऱ्याला त्या बदल्यात काय हवंय? याचा हिशेब कट्ट्यावर येत नाही. लेफ्ट बॅकबद्दल विचारायची मुभा, पैशाबद्दल मात्र तोंड गप्प. आपलं म्हणायचं पण आपल्या हातात काही नाही, ही अवस्था मग समोरच्या पेठेच्या अंगावर निघते. हे एकमेव कारण नक्कीच नाही; पण जर्मनीत टेनिसचे चेंडू फेकणाऱ्यांना आपण नेमकं कशाविरुद्ध फेकतोय हे माहीत होतं, कारण मतदानाचा निकाल जाहीर होता, आकडे छापलेले होते.

राष्ट्रीय पातळीवर बोलायचं तर बदलाची ही चांगली वेळ आहे, कारण जुनी व्यवस्था कोसळलेली आहे. फेडरेशन आणि तिच्या व्यापारी भागीदार कंपनीमधला पंधरा वर्षांचा करार २०२५ च्या डिसेंबरमध्ये संपला. त्याआधीच, जुलैमध्ये, लीग ‘थांबवली’ असं जाहीर झालं; बंगळुरूने पहिल्या संघाचे पगार रोखले, इतरांनी सराव बंद ठेवला, आणि हंगाम सुरू व्हायला २०२६ चा फेब्रुवारी उजाडला. मधल्या काळात मँचेस्टर सिटीचा मालक असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपनेही मुंबई सिटीतला आपला वाटा सोडला. दोनदा लीगचा कप आणि दोनदा साखळीत पहिल्या येणाऱ्याची शील्ड जिंकलेला हा क्लब, आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय संघ. जगातला सर्वांत पैसेवाला फुटबॉल समूहसुद्धा अनिश्चितता आली की निघून जातो. अंधेरीच्या मैदानावर ढोल बडवणारे पश्चिम उपनगरांतले चाहते कुठे जाणार?

भारतीय चाहता काहीच करू शकत नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. २०२० मध्ये १८८९ सालच्या मोहन बागानच्या नावापुढे मालकांच्या आधीच्या क्लबची, एटीके ही तीन अक्षरं लागली, तेव्हा कोलकात्यातल्या लोकांनी ती काढून टाकण्याची मागणी लावून धरली. क्लब जिंकत होता, तरीही. २०२३ च्या मार्चमध्ये, गोव्यात फातोर्ड्यावर अंतिम सामना जिंकल्याच्या रात्रीच, मालक संजीव गोएंका यांनी ती अक्षरं काढल्याचं जाहीर केलं. त्यांच्या जागी त्यांच्याच क्रिकेट संघाचं आडनाव लागलं हा भाग वेगळा. मालकाला काहीतरी चिकटवल्याशिवाय चैन पडत नाही.

इंग्लंडने यावर २०२५ मध्ये कायदाच केला. घरच्या सामन्यांच्या जर्सीचा रंग आणि क्लबचं चिन्ह बदलायचं तर त्यानुसार बहुसंख्य चाहत्यांचा पाठिंबा दाखवावा लागतो. हा नियम कुठून आला असेल, हे कार्डिफच्या माणसाला विचारा. ‘ब्लूबर्ड्स’ असं टोपणनाव असलेल्या त्या क्लबची जर्सी मालकाने २०१२ मध्ये लाल केली, लाल रंग शुभ म्हणून. निळ्या पक्ष्यांना पुन्हा निळं व्हायला २०१५ उजाडलं.

आपल्याकडे नव्या कायद्याची वाट बघत बसायची गरज नाही. प्रत्येक क्लबला दर वर्षी परवाना घ्यावा लागतो. पायाभूत सुविधा, युवा संघ, आर्थिक कागदपत्रं यांच्या अटी त्यात आहेतच. त्याच यादीत आणखी तीन-चार ओळी घालायच्या. नोंदणीकृत चाहता संघटनेचा एक प्रतिनिधी संचालक मंडळात, मतासह. वर्षाचे हिशेब मराठीत, मल्याळममध्ये, बंगालीत, म्हणजे त्या गावच्या भाषेत, हंगामाआधी जाहीर. नाव, रंग किंवा शहर बदलायचं तर हंगामी तिकीटधारकांचं मतदान. आणि मालकाला क्लब बंद करायचा असेल तर सहा महिन्यांची नोटीस, त्या मुदतीत चाहत्यांच्या ट्रस्टला नाव आणि परवाना घ्यायचा पहिला हक्क. मालक पळून जातील, असं म्हणतात. ते तसेही पळतातच आहेत. या अटी असत्या तर २०१९ मध्ये पुण्याचा क्लब वाचला असता का? कदाचित नसता, एवढे पैसे चाहत्यांकडे नव्हते. पण खालच्या लीगमध्ये नारिंगी जर्सी घालून एखादा संघ आज खेळत असता, एवढं शक्य होतं.

साताऱ्यात किंवा नांदेडमध्ये बसून मध्यरात्री आर्सेनलची ऑफसाइड लाइन कुठे चुकली ते समजावणारी हजारो पोरं आपल्याकडे आहेत. लंडनमध्ये त्यांना कुणी विचारत नाही, विचारणारही नाही. त्यांची ही बुद्धी इथल्या क्लबांना फुकट मिळू शकते, पण त्यासाठी त्यांना उद्या गायब न होणारा क्लब दाखवावा लागेल.

आणि फेडरेशनची वाट न बघता एक काम कोल्हापुरातच होऊ शकतं. येत्या नोंदणीच्या आधी प्रत्येक तालमीने दारातल्या फळ्यावर खडूने दोन आकडे लिहावेत: बाहेरून आणलेल्या खेळाडूंवर यंदा किती खर्च, आणि पेठेतल्या तेरा वर्षांखालच्या पोरांच्या बुटांवर, चेंडूंवर, कोचवर किती. बघू, पहिला फळा कुठल्या पेठेत लागतो.